अकाझाच्या हातावरच्या तीन रेघा

या पुरवणीसाठी आम्ही ‘माझा आवडता नायक’ या विषयावर चित्रं मागवली होती. मागितले नायक, आले खलनायक. काही व्हॉट्सअॅपवर आली, काही टपालानं. दोन तर वहीच्या मागच्या पानावर बॉलपेननं काढलेली होती, ती पोरांनी स्वतः ऑफिसात आणून दिली. शिवाजी महाराज होते, धोनी होता, एकानं आपला बाप काढला होता (फार छान काढला होता, पुढच्या पानावर आहे). पण टेबलावर सगळी चित्रं पसरली तेव्हा एक चेहरा पुन्हा पुन्हा वर यायला लागला. गुलाबी केस, पांढरं फटक अंग आणि अंगभर निळ्या रेघा. अकाझा.

नवल काहीच नाही. ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ १२ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडे लागला. इकडे यवतमाळात दुर्गोत्सवाच्या मंडपांचे बांबू उभे राहत होते आणि तुम्ही लोक नागपूर-अमरावतीच्या तिकिटांसाठी पैसे गोळा करत होतात. ज्यांनी तिकडे न जाता बघितला त्यांनी कसा बघितला, ते विचारत नाही.

चित्र आणून देणाऱ्यांपैकी एका मुलीनं जाता जाता एक गोष्ट सांगितली. ती घरी चित्र रंगवत बसली होती. आजी शेजारी येऊन बसली, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “हे कोनं गोंदून देल्लं याले? नुसत्या रेघाच? ना फूल, ना ठिपका?”

आजीनं अॅनिमे बघितलेला नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांनी तीन-तीन वेळा बघूनही जे विचारलं नाही, ते तिनं एका नजरेत विचारलं. या माणसाला हे कुणी गोंदलं? आणि नुसत्या रेघाच का?

तर आज त्या रेघांबद्दल. ज्यांनी चित्रपट अजून बघितला नाही त्यांनी इथंच थांबावं, पुढे सगळं फोडलेलं आहे.

अकाझाच्या अंगावरच्या रेघा डिझाइन म्हणून भारी दिसतात, म्हणून काढलेल्या नाहीत. राक्षस व्हायच्या आधी तो हाकुजी नावाचा पोरगा होता. बाप आजारी, औषधाला पैसा नाही, म्हणून हा खिसे कापायचा. पकडला की हातावर गोंदवलेली पट्टी. पुन्हा पकडला, पुन्हा पट्टी. अशा दोन्ही हातांवर तीन-तीन. हे कोयोहारू गोतोगेंच्या डोक्यातून आलेलं नाही. जपानात इदो काळात ही खरोखरची शिक्षा होती. १७२० साली, शोगुन योशिमुनेच्या काळात, चोरांचं नाक-कान कापण्याच्या जुन्या शिक्षेच्या जागी गोंदण्याची शिक्षा आली. सुधारणाच म्हणायची! प्रांताप्रांताच्या खुणा वेगळ्या, कुठं दंडावर पट्टे, कुठं थेट कपाळावर. माणूस दिसला की कळावं, हा चोर आहे, कुठं पकडलेला आहे, कितव्यांदा पकडलेला आहे. १८७० च्या सुमारास मेइजी सरकारनं ही शिक्षा बंद केली.

हाकुजीचा बाप पोराच्या चोरीच्या पैशावर जगायला नको म्हणून गळफास घेतो. पुढे केइझो नावाचा एक गुरू त्याला आपल्या तालमीत आणतो. तिथं शस्त्राशिवाय, नुसत्या हातानं लढायची विद्या शिकवतात. गुरूची मुलगी कोयुकी कायम आजारी. हाकुजी तिची सेवा करतो, ती बरी होते, लग्न ठरतं. आणि शेजारच्या तलवारबाजांच्या तालमीतले लोक विहिरीत विष कालवतात. कोयुकी जाते, गुरू जातो. हाकुजी त्या तालमीत शिरून सदुसष्ट माणसं नुसत्या हातानं मारतो. त्यानंतर मुझान भेटतो, त्याला राक्षस करतो, आणि हाकुजी सगळं विसरतो.

मात्र त्याचं अंग विसरत नाही. मला या पात्राची खरी करामत इथं वाटते. आता पुन्हा बघा. लढताना त्याच्या पायाखाली जी आकृती उमटते, ती हिमकणाची आहे. कोयुकीच्या नावात ‘युकी’ म्हणजे बर्फ आहे, आणि तिच्या केसातला काटा त्याच आकाराचा. त्याच्या हल्ल्यांची नावं जपानी शोभेच्या दारूच्या प्रकारांवरून घेतलेली आहेत. का, तर तिच्यासोबत आतषबाजी बघायचं ठरलं होतं. तो हत्यार वापरत नाही, कारण गुरूनं नाही शिकवलं. तो बाईला मारत नाही. का मारत नाही हे त्याला स्वतःला सांगता येणार नाही. तो दुबळ्यांचा तिरस्कार करतो. एरवी हे खलनायकी डायलॉग वाटतं, पण समोर उभं राहायची हिंमत नव्हती म्हणूनच कुणीतरी विहिरीत विष टाकलं होतं. आणि बापाला, कोयुकीला जो वाचवू शकला नाही, तोही दुबळाच होता की. म्हणजे तो आयुष्यभर स्वतःलाच शिव्या घालतोय, त्याला माहीत नाही इतकंच.

आता डोळे. त्याच्या बुबुळांवर अक्षरं आहेत : ‘वरचा चंद्र’ आणि ‘तीन’. तो मुझाननं दिलेला दर्जा. म्हणजे हातावर सरकारचा शिक्का आणि डोळ्यात मालकाचा. या माणसाच्या अंगावर त्यानं स्वतः निवडलेली एकही खूण नाही. हे लक्षात आलं आणि मी चित्रपट पॉज करून पाणी प्यायला उठलो.

नावाचंही असंच. हाकुजीच्या नावातलं पहिलं अक्षर ‘कोमाइनु’तलं आहे. कोमाइनु म्हणजे जपानी देवळांच्या दारात बसलेली ती सिंहासारखी कुत्र्यांची जोडी, देवळाची राखण करणारी. गुरू त्याला म्हणतोही, की तुला राखण करायला काहीतरी हवं. राखणदार असतो आणि राखायचं तेच संपतं. आपल्या गोष्टी आठवा. विष्णूच्या दारातले जय आणि विजय. शाप लागला आणि तेच पुढे हिरण्याक्ष-हिरण्यकश्यपू झाले, रावण-कुंभकर्ण झाले. दारावरचा माणूसच राक्षस झाल्याची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. दसऱ्याला आपण जाळतो तो मुळात वैकुंठाचा पहारेकरी!

इथं तुमच्यातला कुणीतरी म्हणणारच, “म्हणजे व्हिलनला डोक्यावर घ्यायचं का? रेन्गोकूचं काय?” बरोबर आहे. रेन्गोकू मेला तो मेलाच. अकाझानं किती माणसं खाल्ली याचा हिशोब नाही. त्याच्या हातावरच्या रेघा बघून त्यातला एकही खून माफ होत नाही, आणि चित्रपटही तो माफ करत नाही. तान्जिरो त्याचं डोकं उडवतोच. कळणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. शेवटी आठवण परत आल्यावर अकाझा स्वतःवरच घाव घालतो, स्वतःचा निकाल स्वतः लावतो. मला तो शेवट फार प्रामाणिक वाटला.

खरं सांगायचं तर ‘दुःखी भूतकाळ’ हा प्रकार आता अॅनिमेत जरा स्वस्त झालाय. मरायच्या दहा मिनिटं आधी व्हायोलिन वाजतं, पावसात उभं असलेलं लहान पोरगं दिसतं, आपण रुमाल काढतो. अकाझाच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण २०२० च्या ‘मुगेन ट्रेन’मध्ये तो पहिल्यांदा धुळीतून उभा राहिला तेव्हाच त्या रेघा हातावर होत्या. पुरावा समोर होता. आपण त्याला राक्षसाची नक्षी समजून पुढे गेलो.

हेच आपण चित्रपटाबाहेर किती वेळा करतो, हा माझा आजचा प्रश्न आहे.

गोंदणाचा शिक्षा म्हणून वापर फक्त जपानात झाला असं समजू नका. १७९७ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जायचा. त्या शिक्षेलाही ‘गोदना’च म्हणत. १८४९ साली ती कायद्यानं बंद झाली. ‘दीवार’ १९७५ चा, तुमच्या आई-बाबांच्या वेळचा. पण लहान विजयच्या हातावर त्याचा बाप चोर असल्याचं गोंदतात, तो सीन तुम्ही मीम म्हणून तरी बघितलाच असेल. गोंदणारे कोण? त्याच्या बापावर चिडलेले कामगार. गोंदलं कुणाला? ज्यानं काहीच केलं नाही त्या पोराला.

अकाझा आणि विजयमधला फरक इथं आहे. हाकुजीनं चोरी केली होती. शिक्षा क्रूर होती, पण गुन्ह्यानंतर झाली. विजयला गुन्ह्याआधी मिळाली. आणि आपल्या देशात इंग्रजांनी १८७१ साली एक अख्खा कायदा याच पद्धतीनं केला : गुन्हेगार जमाती कायदा. जमातीचं नाव यादीत गेलं की त्या जमातीतलं पोर जन्मताच संशयित. नाव नोंदवा, बोटांचे ठसे द्या, ठरलेल्या वेळी हजेरी लावा, गाव सोडायचं तर पास घ्या. अंगावर रेघ ओढायची गरजच उरली नाही, रजिस्टरात ओढली की झालं. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हा कायदा देशभरातून रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन. आपल्यापैकी किती जणांनी तो कधी स्टेटसला ठेवलाय?

यादीतली काही नावं आपल्याला अगदी जवळची आहेत. आपल्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. फास लावून तितर-लावरी धरणारे म्हणून फासेपारधी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, म्हणजे पोटाचा धंदा गुन्हा झाला, आणि जुना शिक्का होता तिथंच राहिला. गावात चोरी झाली की पहिली जीप कुठं वळते हे तुम्हाला मी सांगायला नको. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचा. लायब्ररीत आहे, धूळ झटकावी लागेल. सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा असं सांगितलं, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची पोलिसांनी काळजी घ्यावी असंही. हे २०२४ साली सांगावं लागलं.

आता स्वतःबद्दल थोडं. मी हॉस्टेलला होतो तेव्हा एकाचा मोबाईल चोरीला गेला. मोबाईल तेव्हा मोठी वस्तू होती. आमच्या मजल्यावर एक पोरगा होता, बेड्यावरचा. कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. आम्ही व्हरांड्यात कुजबुजत उभे होतो, एवढंच. तो खोलीतून आला, आपली लोखंडी पेटी ओढत बाहेर आणली, उघडली आणि बाजूला उभा राहिला. पेटीला कुलूपच नव्हतं. नंतर कुणीतरी त्याला विचारलं, कुलूप काऊन नाही लावत बे? तर म्हणाला, लावलं की म्हणतात, काहीतरी लपवून ठेवलं असंल.

रखवालदारानं पेटी उचकटून बघितली. दोन शर्ट, एक टॉवेल, पोलीस भरतीचं गाईड, चिवड्याचा डबा. मोबाईल दोन दिवसांनी ज्याचा होता त्याच्याच गादीच्या खोळीत सापडला. सगळे हसले. सॉरी कुणीच म्हणालं नाही. मीही नाही. उलट त्याच आठवड्यात मी त्याच्या डब्यातला चिवडा खाल्ला, त्यानंच दिला म्हणून. माझ्या मते तेव्हा ते विषय संपल्यासारखं होतं. त्याच्या मते होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

त्या पोरानं काय करावं अशी आमची अपेक्षा होती? त्यानं चिडायचं नाही. चिडला असता तर आम्ही म्हणालो असतो, बघा, शेवटी रक्त दाखवलंच. आणि तो हसून गप्प राहिला तर आम्ही त्याला ‘चांगला’ म्हणणार. अॅनिमेत अशा पोराला राग येतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, त्याचं पोस्टर खोलीत लावतो.

आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच, अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चवाळा इथं मतीन भोसले यांची फासेपारधी मुलांसाठी आश्रमशाळा आहे. ते स्वतः त्याच समाजातले. जिल्हा परिषदेची मास्तरकी सोडून त्यांनी २०१२ साली ती उभी केली. शाळेचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात तिचं ग्रंथालय आणि काही वर्गखोल्या पाडल्या गेल्या, तरी शाळा चालू राहिली. मी इतकी शाळांची नावं ऐकली, कुणी देवाचं ठेवतं, कुणी पुढाऱ्याचं. पण स्वतःला लावायची खूण स्वतः निवडायची आणि ती म्हणून प्रश्नचिन्ह निवडायचं, हे अकाझाला कधी जमलं नाही.

आजीकडे परत येतो. तिचा दुसरा प्रश्न राहिलाच की : नुसत्या रेघाच? फूल नाही, ठिपका नाही? तिला ते चुकल्यासारखं वाटलं, कारण तिच्यासाठी गोंदण म्हणजे दागिना. आपल्याकडे पांढरकवडा, झरी, मारेगाव, घाटंजीकडच्या गोंड-कोलाम म्हाताऱ्यांचे हात बघा. तांड्यावरच्या बंजारा आजीचे बघा. विंचू असतो, तुळस असते, मोर असतो, ठिपक्यांच्या ओळी असतात. गोंडांमध्ये हे काम ओझा बायका करायच्या, सुया आणि काजळी घेऊन. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हणजे तेच कातडं आणि तीच सुई. सरकारनं धरली की शिक्षा, आणि मायनं धरून बसवलं की दागिना. आजीच्या लेखी अकाझाच्या रेघा अर्धवट होत्या. मला वाटतं तिचं बरोबर आहे. त्याच्या हातावर फूल काढायला कुणी उरलंच नव्हतं.

यावर तुम्ही उद्याच दत्त चौकात जाऊन दंडावर तीन निळ्या पट्ट्या मारून घेणार असाल, तर एक मिनिट थांबा. तुमच्यातले अर्धे पहाटे पाचला मैदानावर पळत असता. सैन्य भरतीच्या नियमांत टॅटू कुठं चालतो हे लिहिलेलं आहे : हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला. दंडावर चालत नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या प्रथेच्या गोंदणासाठी सवलत आहे, पण अकाझा ही प्रथा नाही. जाहिरात नीट वाचा, मग सुईखाली हात द्या.

पुढच्या वेळच्या चित्रांचा विषय आता ठरला. आजीच्या, पणजीच्या, शेजारच्या म्हातारीच्या हातावरचं गोंदण. मोबाईलमधला फोटो नको, शेजारी बसून हातानं काढायचं. खाली तीन गोष्टी लिहायच्या : ते कुणी गोंदलं, तेव्हा तिचं वय किती होतं, आणि त्या आकृतीला ती काय म्हणते. नाव आठवत नसेल तर तसं लिहा. वहीचं मागचं पान चालेल, बॉलपेनही चालेल.